आत्याचे हात आणि माझं पत्रक

माझी मान आखडली तेव्हा मी पत्रक लिहीत होते. सापगावच्या आमच्या घराच्या ओटीवर, पालथी पडून, उशीवर कोपरं टेकवून. विषय आरोग्य उपकेंद्राचा होता. इमारत आहे, रंग आहे, पाटी आहे, आणि दाराला कुलूप आहे. तिसरं वाक्य प्रश्नचिन्हापर्यंत आलं आणि मानेत डावीकडे काहीतरी खटकन अडकलं. होईल नीट, म्हणत मी पत्रक पूर्ण केलं. मग उठताच येईना.

शहापूरच्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, जबडा दाबून पाहिला आणि विचारलं, टेन्शन फार घेता का? मी म्हटलं, घेत नाही, देते. ते हसले. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, तुम्ही दात आवळून बसता, आत्तासुद्धा तशाच बसला आहात.

मला अशा बोलण्याचा राग येतो. बाईने तोंड उघडलं की तिला शांत हो म्हणणारे दहा जण उभे राहतात. कुलूप लावून जाणाऱ्याला कोणी म्हणत नाही की बाबा, तूसुद्धा जरा टेन्शन घे. आणि शांत व्हायचं म्हणजे कुठे जाऊन व्हायचं? माळशेजच्या रस्त्याला लागलं की रिसॉर्टच्या पाट्या सुरू होतात. तणावमुक्त व्हा, शरीराला नवी ऊर्जा द्या, आणि खाली तेलाने चमकणारी कोणाची तरी गोरी पाठ. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या तिथे वळतात. त्या पाटीपासून हाकेच्या अंतरावर, वैशाखऱ्यात, माझी आत्या राहते. आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींचं तेलपाणी ती करते, त्यांच्या बाळांना न्हाऊ घालते. किती माणसं तिच्या पायांवर पालथी पडून मोठी झाली याची तिलाही मोजदाद नाही. तिच्या नावाची पाटी कुठे नाही. सव्वा महिना झाला की एक साडी, नारळ, उरलेलं तेल, आणि त्या घराला आठवण राहिली तर हंगामात वालाच्या शेंगा.

हे मी आता लिहिते आहे. त्याआधी मी तिच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते सांगायला बसले आहे.

तीनेक वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका पाड्यावर तापलेलं बाळ दोन दिवस घरात ठेवलं गेलं. तेल चोळलं, शेक दिला, धुरी दिली. दवाखान्यात नेलं तेव्हा ते निळं पडलं होतं. वाचलं, पण थोडक्यात. मी त्या आईला दवाखान्याच्या पायरीवर बसलेली पाहिली होती. त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं आणि त्यात हे वाक्य होतं: ‘तेल चोळणाऱ्या अडाणी बायांच्या हाती लेकरं सोपवू नका.’ आमच्या कार्यकर्त्यांच्या गटात सगळ्यांना ते फार आवडलं. ठाम आहे, म्हणाले. मलाही आवडलं. खरं सांगते, लिहिताना आत्या माझ्या डोक्यात आलीच नाही. आत्या म्हणजे आत्या. ती ‘बायांमध्ये’ कशी येईल?

बाबांनी त्या पत्रकांचा एक गठ्ठा कौतुकाने उचलला आणि बहिणीला नेऊन दिला. बाबा माझी पत्रकं वाचत नाहीत. घडी घालून खिशात ठेवतात. आत्याला वाचता येत नाही. भाचीने लिहिलेला कागद म्हणून तिने तो गठ्ठा तेलाच्या पिशवीत ठेवला, आणि ज्या घरी बाळाला न्हाऊ घालायला जाईल त्या घरी एकेक देऊ लागली.

हे मला नंतर कळलं. तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तहसीलदारासमोर उभं राहून बोलणारी मी, आत्याकडे जाणं टाळू लागले. गणपतीला गेले नाही, दिवाळीला गेले नाही. निमित्त होतं कामाचं. म्हणून मान आखडल्यावर आई म्हणाली की आत्याकडे जा, ती दोन दिवसांत सोडवील, तेव्हा मी गोळ्यांवर आणखी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बसमध्ये चढले.

मुरबाडला उतरून जीप धरली. मान वळत नव्हती, म्हणून सरळ समोर बघत बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी दोनदा काहीतरी विचारलं. मी त्यांच्याकडे न बघता उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मान वळत नसली की माणूस गर्विष्ठ दिसतो, हे मला त्या जीपमध्ये समजलं. मग वाटलं, माझ्याबद्दल जे लोक म्हणतात की ही पोरगी कोणाचं ऐकून घेत नाही, त्यांनी माझी नुसती मान पाहिली असेल.

आत्या अंगणात सुपातले वाल निवडत होती. मी फाटकातून आत आले ती चाल तिने पाहिली. मानेचं विचारलं नाही.

“कोनाशी भांडून आलीस गो?” तिने विचारलं.

कोणाशीच नाही, म्हटलं.

“मंग कोनाशी भांडाया चाललीस?”

आत्याचं हे असं आहे. ती माणूस अंगावरून वाचते. साठी ओलांडली तरी जमिनीवर अशी बसते की हाडं नाहीतच असं वाटावं. उठतानाही गुडघ्यांवर हात टेकत नाही. रस्त्याने चालते तेव्हा खांदे पाण्यात सोडल्यासारखे हलतात. तिचा शांतपणा हा स्वभाव आहे की शरीर, मला कधी वेगळं करता आलं नाही, आणि तिला विचारलं तर ती म्हणते, दोन असतात का?

तिच्याकडे या सगळ्याची स्वतःची शिकवण आहे. पिंडऱ्या दगडासारख्या असतील तर त्या बाईला घरातून निघून जायचं असतं पण जाता येत नाही. पोट आत ओढून धरणारी बाई घरात कोणाला तरी भिते. कपाळ घट्ट असलेला पुरुष चांगला, तो निदान विचार तरी करतो. मानेमागचा गोळा फुगलेला असेल तर त्याच्या घरी सुनेला जपून वागावं लागतं. माझ्या बाबांबद्दल ती म्हणायची, तुजा बापूस ल्हान व्हता तवापासून खांदं वर करून चालतो, मागनं कोनीतरी ओरडंल म्हनून. बाबा भिवंडीकडच्या एका गोदामाच्या फाटकावर गाड्यांची नोंद ठेवतात. दिवसभरात काही उचलत नाहीत. तरी संध्याकाळी त्यांचे खांदे दुखतात. पूर्वी मी याला कामाच्या ठिकाणचं शोषण म्हणायचे, आजही म्हणते. पण आत्या आली की तेच खांदे दोन बोटं खाली उतरतात आणि बाबा पोट धरून हसतात, हेही मी पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी तिने मला अगदी बाळंतिणीसारखं घेतलं. खुरासणीचं तेल कोमट केलं, चटईवर पालथं पाडलं आणि मानेला हातच लावला नाही. पायांच्या तळव्यांपासून सुरुवात. मी म्हटलं, दुखतंय वर. ती म्हणाली, दुखतंय तितं कोन नाय ऱ्हात, जो दुखवतो तो खाली असतो. माझ्यातली कार्यकर्ती लगेच जागी झाली: याला पुरावा काय? पण तोंड चटईत होतं.

मग ती एकदम म्हणाली, “दात.”

मी दात आवळले होते. सोडले. पाच मिनिटांनी पुन्हा, “दात.” ती माझ्या पिंडरीवर होती, तोंड तिला दिसत नव्हतं. कसं कळलं विचारलं तर म्हणाली, पाय सांगतो.

शेवटी ती मानेशी आली. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, आणि हेही की मला शांतबिंत व्हायचं नाहीये, राग सोडायचा नाहीये. ती हात चालवत ऐकत होती.

“सोडाया कोन सांगतं? राग ठेव. पन मानंत नको ठेवू गो. पायात ठेव. पाय चालतील तरी.”

आमच्या शिबिरांमध्ये मूठ कशी आवळायची ते शिकवतात. राग कुठे ठेवायचा हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला बरोबर नेलं. दोन घरं सोडून एक पोर माहेरी बाळंतपणाला आली होती. मुरबाडच्या दवाखान्यात बाळंत झालेली, दहावी शिकलेली, हसरी. बाळ वीस-बावीस दिवसांचं. आत्याने पाय लांब केले, बाळाला त्यांवर घेतलं, आणि तेल लावण्याआधी वाकून त्याच्या छातीशी गाल नेला. लहानपणापासून मी तिला हे करताना बघत आले आहे. बाळाचा पापा घ्यायची तिची तऱ्हा, असं मी धरून चालले होते.

मग मूठ. बाळाची मूठ ती अंगठ्याकडून कधी उघडत नाही. करंगळीच्या बाजूने आपलं बोट आत सरकवते आणि थांबते. ओढत नाही. मूठ आपणहून सुटते. सगळी बाळं मूठ वळून येतात, तिचं म्हणणं, कोनी वळायला शिकवत नाय; उगडायला मातर मानूस लागतं. बाळ तिच्या हातांखाली सैल होत गेलं. रडणं नाही, कुरकुर नाही. अंगावर पाणी पडलं तेव्हा त्याने फक्त डोळे मोठे केले.

बाळ गुंडाळून झाल्यावर तिने पिशवीत हात घातला. मला कळलं ती काय काढणार. पळून जावंसं वाटलं. तेलाचे डाग पडलेलं माझं पत्रक तिने त्या पोरीच्या हातात दिलं.

“माज्या भाचीनं लिवलंय. ही बग, हीच ती. वाच, मोट्यानं वाच.”

पोरीने वाचायला सुरुवात केली. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे त्या वाक्यावर आले आणि थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. असं की, मी कागदाच्या मागे लपले असते. मग पुन्हा कागदावर नजर लावून ती शांतपणे म्हणाली, “पाणी उकळून गार करून प्यावे. बाळाला उष्टा चमचा लावू नये.”

आत्या खूश झाली. पण तिला नवलही वाटलं. मागे एका घरी वाचलं तेव्हा लशीचं होतं, म्हणाली.

“दोन्ही बाजूंनी छापलंय ना काकी,” पोर म्हणाली.

पत्रक एकाच बाजूने छापलेलं होतं.

घरी येताना आत्या वाटेत मला माझंच पत्रक सांगत आली. एका घरी त्यात लशीच्या तारखा होत्या. एका घरी कुत्रा चावला तर काय करायचं ते होतं. एका घरी पोरींची लग्नं लवकर लावू नका असं होतं, आणि त्या घरच्या आजीबाई नातीचं जमवत होत्या म्हणून गप्प झाल्या. एवढं सगळं एका कागदावर कसं बसवतेस गो, तिने विचारलं. तीन वर्षं आख्खा गाव तिला माझं पत्रक खोटं वाचून दाखवत होता. कोणी एकमेकांत ठरवलं असेल असंही नाही. प्रत्येकाने कागद हातात घेतला, ते वाक्य पाहिलं, समोर उभी असलेली ही बाई पाहिली, आणि तिथल्या तिथे दुसरं काहीतरी लिहिलं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं.

“आनि मास्तरांनी वाचलं त्ये सगळ्यात ब्येस,” आत्या म्हणाली. ती रस्त्यात थांबली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं, हात सरळ सोडून. “तेलपानी करनाऱ्या बायांचं हात म्हंजी गावाचा ठेवा. त्यांचा मान राखा. असं लिवलंस तू. मला रडाया आलं व्हतं.”

माझी मान तेव्हा निम्मी सुटली होती. त्या क्षणी ती पुन्हा पूर्ण आखडली.

दुपारी तिने चटई टाकली. मी पालथी पडले. तिचे अंगठे मानेच्या दोन्ही बाजूंनी वर येत होते, आणि मी चटईत तोंड ठेवून सांगितलं. समोर बघून सांगायची हिंमत नव्हती. मास्तरांनी वाचलं तसं त्यात नाहीये, म्हटलं. त्यात काय आहे तेही सांगितलं. ते वाक्य, शब्दाला शब्द.

तिचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर बरं झालं असतं. ते चालत राहिले, पण लाकडासारखे. आयुष्यात पहिल्यांदा मला आत्याच्या बोटांची हाडं लागली. मग तिने तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं, उठली, आणि उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन त्या पोरीकडे गेली. मला ये म्हणाली नाही. मी अंगणात बसले होते, तिथून ऐकू आलं. बाळ रडत होतं. हळूहळू वाढत गेलेलं रडणं नव्हे, एकदम टिपेला लागलेलं, चटका बसल्यावर असतं तसं. बराच वेळ. आत्याच्या हातातलं बाळ रडतंय हे ऐकून शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली.

आत्या लवकर परतली. मी वळून पाहिलं. पिशवी तिने खुंटीला न अडकवता खाली ठेवली आणि ओटीच्या कडेला बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ते दुसऱ्या कोणाचे असावेत असं.

“पोराला कळलं,” ती म्हणाली. “हात कडक झालं माजं. असं ऱ्हायलं तर मी पोराला हात नाय लावनार आता.”

मी बोलू लागले. बोलणं माझा धंदाच आहे. म्हटलं, आत्या, ते मी तुला उद्देशून म्हटलं नव्हतं. ते एका प्रवृत्तीबद्दल होतं, एका घटनेतून आलं होतं, पत्रकात थोडं कडक लिहावं लागतं...

“मंग कुनाला म्हनलीस?” तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “हितं तेल लावनारी दुसरी कोन हाय? नाव सांग.”

‘प्रवृत्ती’ नावाची बाई वैशाखऱ्यात राहत नाही. पाड्यावरच्या त्या घरात तेल लावणाऱ्या बाईला मी कधी भेटलेही नव्हते.

दोन दिवस आत्या घराबाहेर पडली नाही. त्या पोरीकडे निरोप पाठवला की कसकस आहे. कसकस नव्हती. ती भांडी घासायची, भाकरी करायची, पण पीठ मळतानाही खांदे कानाशी. मी तिच्याकडे बघायचे आणि मला बाबा दिसायचे. मग हेही लक्षात आलं की मी तिच्याकडे मान वळवून बघते आहे. आत्या रडक्या बाळाकडून परत आली तेव्हाच मान सुटली असावी. मला कळलंसुद्धा नव्हतं. माझ्या अंगातून निघालेलं सगळं उचलून तिच्या अंगात ठेवल्यासारखं झालं होतं, आणि मला माझ्या सुट्या मानेची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“वाच. हाय तसं.”

मी वाचलं. माझं लिखाण मोठ्याने वाचायची मला सवय आहे, सभेत वाचते. पण एका माणसासमोर, ज्याच्याबद्दल ते आहे त्याच्यासमोर, कधी वाचलं नव्हतं. आत्या मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होती. एक दिवसापेक्षा जास्त ताप राहिला तर दवाखाना. बरोबर, ती म्हणाली. बाळ दूध ओढत नसेल तर वाट पाहू नका. बरोबर. छातीत घरघर असेल तर शेक देऊ नका, धुरी देऊ नका.

इथे ‘बरोबर’ आलं नाही. मी पुढे वाचू लागले तर हाताने थांबवलं.

“माज्या हातनं झालंय ते,” ती म्हणाली. “तुज्या जन्माच्या आदी. घरघर व्हती, मी म्हनलं, आजचा दिस शेक देऊ, उद्या बगू. यक दिस थांबवलं मी.”

बाळाचं काय झालं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं. तिने डोळे उघडले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

“तवापासून आदी छातीला कान लावते. मंगच तेल.”

वर्षानुवर्षं मी ज्याला पापा समजत होते ते हे होतं. माझ्या छातीलाही तिने असाच कान लावला असणार, रोज, सव्वा महिना. माझ्या पत्रकात बाळाच्या छातीला कान लावा असं कुठेही लिहिलेलं नाही. ते मला सुचलंच नव्हतं.

मग ते वाक्य आलं. मी वाचलं. ती तोंडातल्या तोंडात एकदा म्हणाली, चव बघावी तशी. हाती सोपवू नका, हे ठीक हाय, म्हणाली, न बगता कोनाच्या हाती नायच देऊ. पण ‘अडाणी’ वर तिने बोट ठेवलं. अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी वाचताना माझं बोट जिथे अडखळून थांबलं होतं नेमकं तिथे.

“ह्ये काढ.”

मी म्हटलं, छापलंय ते आत्या.

“शाईनं छापलंय ना? मंग शाईनं खोड.”

मी कबूल केलं. वाटलेल्यांचं काय करू, विचारलं, घरोघर जाऊन परत आणते. तेव्हा त्या चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाच्या कडा हलल्या.

“ऱ्हाऊ दे. त्यांनी कुटं वाचलंय ते.”

त्या संध्याकाळी मी तेल कोमट केलं. तिला बसवलं आणि मागे बसून तिच्या खांद्यांना लावू लागले. तिला कधी कोणी तेल लावलं असेल असं वाटत नाही; कसं बसायचं हेच तिला समजेना. खांदे लोखंडाचे झाले होते. मी जोर लावला. अंगठे रोवून, एकेका गाठीला धरून, सोडायचंच नाही असं ठरवून. ती थोडा वेळ सोसत राहिली.

“पत्रक लिवल्यागत चोळतेस गो,” ती म्हणाली.

मला हसू फुटलं. मग तिलाही. आत्या आवाज न करता हसते, पण माझे हात तिच्या खांद्यांवर होते, आणि ते हसणं मी हातांनी ऐकलं. आधी पाठीत थरथरलं, मग वर चढलं, आणि खांदे दोन्ही एकदम खाली आले. माझ्या चोळण्याने नव्हे. मी तसेच हात ठेवून बसले. जोर न लावता. तिने सांगितलं, करंगळीकडनं घे, अंगठा लांब ठेव. तसं केलं.

सकाळी तिने पिशवी घेतली. खुंटीजवळ उभी राहून बोटं उघडझाप करून पाहिली. मला म्हणाली, चल, आनि तुजं कागद घे.

मला तिने त्या घराच्या पडवीत बसवलं. ती आत न्हाणीत गेली. मध्ये कुडाची भिंत. मी उरलेली पत्रकं मांडीवर घेतली आणि एकेक करून तो शब्द खोडू लागले. आत पाट सरकवल्याचा आवाज झाला. त्या पोरीने काहीतरी विचारलं, आत्या काहीतरी पुटपुटली. मग बराच वेळ काहीच नाही. ती कान लावत असणार. माझे डोळे कागदावर होते आणि सगळं अंग त्या भिंतीकडे. बाळाने एकदा सूर काढला. मी पेन दाबून धरलं. दुसरा सूर आला, पहिल्यापेक्षा लांब. आत्याने घाई केली नाही. मग तो सूर मध्येच तुटला, एक उसासा आला, एवढ्याशा जिवाचा केवढा तरी मोठा, आणि त्यापाठोपाठ पाण्याचा आवाज, तांब्यामागून तांब्या, सावकाश.

मी पुढचा कागद घेतला. शब्द खोडला. आणखी एकदा खोडला, दिसू नये म्हणून. त्याच्यावर आणखी एकदा.

“पेन करकरतंय,” भिंतीपलीकडून आत्या म्हणाली. “दात सोड गो.”